ऊन पाण्याची गावं

(श्रीगोंदा येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज दुपारी दौंडहून इकडे येताना काष्टीत चहाला थांबलो होतो. शेजारी एक शेतकरी बसले होते. कुठे निघालात, कशासाठी, असं बोलणं निघालं. मी म्हटलं, श्रीगोंद्यात व्याख्यान आहे, गरम पाण्याच्या कुंडांवर. ते एकदम सरसावून बसले. त्यांनी गेल्या वर्षी आठशे फुटांचं बोअर घेतलंय. पाणी लागलं दीड इंच. पण थंडीच्या दिवसात पहाटे मोटार चालू केली की पाइपाच्या तोंडाला वाफ दिसते, आणि पाणी हाताला कोमट लागतं. ते म्हणाले, “गावात म्हणत्यात, खाली गरम पाण्याचा झरा लागलाय. वज्रेश्वरीसारखं कुंड बांधलं तर लोक येतील का?”

त्यांना चहाच्या टपरीवर जे उत्तर दिलं, तेच आज जरा सविस्तर सांगणार आहे. कारण त्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पाणी गरम का होतं, हा एक. आणि गरम पाण्याभोवती गाव कसं उभं राहतं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जमिनीत आहे, दुसऱ्याचं जमिनीवर. लोक या दोन्हींची गल्लत करतात.

आधी पहिलं बघू. जमीन खाली खाली गरम होत जाते. साधारण हिशेब असा, की एक किलोमीटर खोल गेलं की तापमान पंचवीस ते तीस अंशांनी वाढतं. आपल्याकडे वरच्या थरात, विहिरीच्या पाण्याचं तापमान सव्वीस-सत्तावीस अंश धरा. आठशे फूट म्हणजे अडीचशे मीटरच्या जरा आत. पाव किलोमीटर. म्हणजे सहा-सात अंशांची भर. पाणी झालं बत्तीस-तेहतीस अंशांचं. आपल्या अंगाचं तापमान सदतीस. दुपारी त्या पाण्यात हात घातला तर काहीच वाटणार नाही. पण डिसेंबरच्या पहाटे, बाहेर दहा-बारा अंशांची थंडी असताना, तेच पाणी कोमट लागतं आणि त्यावर वाफ दिसते. आपल्या जुन्या आडाचं पाणी थंडीत ऊबदार लागायचं, त्याचंच हे थोडं पुढचं रूप. तिथे झरा वगैरे काही लागलेला नाही. खोलीचा तो गुण आहे.

मग सत्तर अंशांचं पाणी हवं असेल तर किती खोल जावं लागेल? करा हिशेब. दीड-पावणेदोन किलोमीटर. कोण नेणार बोअर तिथवर? माणसाने नेलेलं नाही. पाणी स्वतः तिथवर जाऊन परत येतं, आणि यातच सगळी मेख आहे. पावसाचं पाणी डोंगरात मुरतं, खडकाच्या भेगांतून खाली खाली जातं, तिथल्या खडकाच्या उष्णतेने तापतं, तापल्यावर हलकं होतं, आणि मोठी भेग सापडली की त्या भेगेतून वर येतं. वर येताना रमत-गमत आलं तर वाटेतच निवतं. झपाट्याने आलं तर गरम राहतं. म्हणजे गरम झऱ्याला दोन गोष्टी लागतात: पाणी खोल नेणारी वाट, आणि ते घाईने वर आणणारी वाट. उष्णता तर सगळ्यांच्याच पायाखाली आहे, श्रीगोंद्याच्याही. वाट मात्र सगळीकडे नाही.

शाळेत असताना आम्हाला कोणीतरी सांगितलं होतं की वज्रेश्वरीच्या खाली ज्वालामुखी आहे. ही समजूत अजून घट्ट आहे. महाराष्ट्राचा काळा कातळ लाव्हारसाचाच आहे, हे खरं. पण तो लाव्हा वाहिला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. तो केव्हाच गार झाला. आजची कुंडं त्याच्या धगीवर तापत नाहीत.

आता ही वाट कुठे आहे ते बघा. नकाशावर महाराष्ट्रातले गरम झरे टिंबांनी दाखवले तर बहुतेक टिंबं कोकणात एका रांगेत येतात. उत्तरेला पालघरच्या कोकनेरपासून दक्षिणेला राजापुरापर्यंत, किनाऱ्याला समांतर. भूवैज्ञानिकांनी या पट्ट्यात अठरा ठिकाणं आणि तिथले मिळून साठेक झरे मोजलेत. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या या चिंचोळ्या पट्टीत कातळ पश्चिमेकडे कललेला आहे, त्याला उत्तर-दक्षिण भेगा पडल्यात. त्याच या वाटा. उरलेली टिंबं थोडी. एक गुच्छ जळगावकडे, चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला, उनपदेव. एक पार नांदेडला किनवट तालुक्यात, उनकेश्वर. मधल्या पठारावर, आपल्या या भीमेच्या खोऱ्यात, कातळ बराचसा आडवा, थरावर थर रचल्यासारखा पडून आहे. पाणी थराथरांत आडवं सरकतं. म्हणून इथे विहिरीला पाणी लागतं, पण कुंडाला ऊन पाणी लागत नाही.

“ऊन पाणी” म्हटलं मी. हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्याकडे अजून आजी म्हणते, पाणी ऊन ऊन आहे तोवर आंघोळ उरक. या एका शब्दाने किती गावांची नावं झालीत बघा. उनपदेव, उनकेश्वर सांगितलंच. पालीजवळ उन्हेरे. दापोलीकडे उन्हवरे, तिथलं पाणी सत्तर अंशांच्या आसपास, राज्यातलं सगळ्यात तापलेलं म्हणायला हरकत नाही. राजापूरला उन्हाळे. लोकांनी गावाचं नाव ठेवताना भूगर्भशास्त्रच लिहून ठेवलंय. सरकारी सर्वेक्षण फार नंतर आलं. आता सगळ्याच गावांना हे नाव मिळालं असं नाही. महाडजवळचं सव, संगमेश्वर तालुक्यातली तुरळ, राजवाडी, आरवली, या नावांत ऊन दिसत नाही, पाणी मात्र ऊनच आहे.

आणि गोष्टी तर प्रत्येक गावाच्या आहेत. उनपदेवला सांगतात, शरभंग ऋषींना व्याधी झाली, रामाने बाण मारून गरम पाणी काढून दिलं. तुम्ही उनकेश्वरला जा, तिथेही शरभंग ऋषी आणि रामाचा बाण. दोन्ही गावांमध्ये किती अंतर! पण दोन्हीकडे व्याधी आहे ती कातडीची, हे लक्षात ठेवा. म्हणजे ऊन पाणी कातडीच्या रोगावर वापरायची पद्धत गोष्टीच्या आधीची असणार. पाणी, रोगी आणि देव, हे तिघं पहिल्यापासून एकत्र आलेले आहेत.

आता वज्रेश्वरी. ठाणे जिल्हा, भिवंडी तालुका, तानसा नदीचा काठ. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी अशी तीन ठिकाणं नदीला धरून आहेत. कुंडं काठावर आहेत, काही झरे तर थेट नदीच्या पात्रात. पावसाळ्यात पूर आला की पात्रातले झरे गार पाण्याखाली गडप होतात आणि पूर ओसरला की पुन्हा वाफा टाकत बाहेर येतात. गावाचं मूळ नाव वडवली. आज विचाराल तर वडवली कोण सांगणार? देवीने गावाचं नाव खाल्लं. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात ‘वज्राबाई’ या नावाने नोंद आहे.

देवी मूळची इथली नव्हे. उत्तरेला गुंज म्हणून गाव आहे, तिथली. पोर्तुगीजांच्या काळात ते देऊळ मोडलं आणि देवी वडवलीला आली, असं सांगतात. मग येते वसईची मोहीम. चिमाजी अप्पांची वाट या भागातून होती. वसई मिळाली तर तुझं देऊळ बांधीन, असा नवस त्यांनी केला, अशी आठवण इथे जपलेली आहे. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि वसईचे सुभेदार शंकर केशव फडके यांना देऊळ बांधायची आज्ञा झाली. तुम्ही ते देऊळ पाहिलं नसेल तर सांगतो, ते देवळापेक्षा किल्ल्यासारखं जास्त दिसतं. भोवती दगडी तट, दारावर नगारखाना, आणि चढून जायला बावन्न पायऱ्या. पायऱ्या आणि दीपमाळ बडोद्याच्या गायकवाडांनी बांधली. म्हणजे पेशव्यांनी देऊळ दिलं, गायकवाडांनी वाट दिली.

इथे जरा थांबू. कारण गाव उभं राहण्याची गोष्ट इथून सुरू होते. ऊन पाणी तानसेच्या काठी युगानुयुगं येत होतं. वारली, कातकरी, मल्हार कोळी ही तिथली माणसं, त्यांना ते माहीत होतंच. त्या पाण्याभोवती जत्रा, धर्मशाळा, दुकानं, पुजारी, इनाम हे सगळं आलं ते देवीमुळे. अकलोलीला चांगली कुंडं आहेत, पण बाजार भरला तो देवळाच्या पायथ्याशी.

याच्या उलट उदाहरण तुमच्या दारात आहे. श्रीगोंद्यात ऊन पाण्याचा थेंब नाही. गार पाण्याचीही मारामार, पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तरी या गावाला शेख महंमदांमुळे नाव मिळालं, शिंद्यांच्या जहागिरीमुळे वाडे मिळाले. चार कोसांवर पेडगाव घ्या. भीमेच्या काठावर बहादूरगड. पाणी खाली नदीत आणि वस्ती वर गडावर, म्हणून तटाला मोटा लावून पाणी चढवलं. ते मोटांचं बांधकाम आजही बघायला मिळतं. सांगायचा मुद्दा, पाण्याने गाव होतंच असं नाही, आणि पाणी कमी म्हणून गाव अडतंच असंही नाही.

परत तानसेवर येऊ. याच नदीवर वरच्या अंगाला इंग्रजांनी धरण बांधलं. मुंबईला पाणी पाजणारा तानसा तलाव, १८९२ चा. नळ थेट मुंबईला. म्हणजे एकाच नदीचं गार पाणी मुंबईला गेलं आणि ऊन पाणी जागच्या जागी राहिलं. मग मुंबईच ऊन पाण्याकडे यायला लागली! मला ही अदलाबदल फार गमतीची वाटते. नळाच्या पाण्यावर वाढलेली मुंबई सुट्टीच्या दिवशी वसई-विरारहून एसटीने वज्रेश्वरीला, अंग शेकायला.

गणेशपुरीचं वेगळं. १९३६ च्या सुमाराला दक्षिणेकडून एक संन्यासी या भागात आले, नित्यानंद. आधी केरळात कान्हनगडला होते. भीमेश्वराचं देऊळ, त्याशेजारची कुंडं आणि भोवती जंगल, एवढंच तेव्हा गणेशपुरीत होतं. ते राहिले. बोलायचे कमी. लोक यायला लागले. मुंबईत हॉटेलं काढलेली उडुपी-मंगळूरकडची मंडळी मोठ्या संख्येने त्यांची भक्त झाली. तुम्ही मुंबईत एखाद्या उडुपी हॉटेलात गेलात तर गल्ल्याच्या मागे भिंतीवर एक सावळे, उघड्या अंगाचे, पोट सुटलेले साधू दिसतात ना? तेच हे. त्यामुळे ठाणे जिल्ह्याच्या या आदिवासी पट्ट्यात आज इडली-डोसा मिळतो आणि कानडी, तुळू, मल्याळी ऐकू येते. ८ ऑगस्ट १९६१ ला नित्यानंद गेले. तोवर त्यांचे शिष्य मुक्तानंद जवळच राहायला आले होते, १९५६ पासून. त्यांचा आश्रम वाढत गेला आणि सत्तरच्या दशकात अमेरिकेतून, युरोपातून माणसं यायला लागली. एका पिढीत जंगलातलं कुंड जगाच्या नकाशावर गेलं. पाणी तेच, तापमान तेच. बदलला तो येणारा माणूस.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात एक गाव आहे, त्याचं नावच डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज. तिथे वर्षाला दीडशे मिलिमीटर पाऊस पडला तरी पुष्कळ म्हणायचा. १९१३ मध्ये कॅबट यर्क्सा नावाचा माणूस तिथे सरकारी जमीन घेऊन राहिला. पाणी कितीतरी मैलांवरून आणायला लागायचं, पायी, गाढवाला बरोबर घेऊन. कंटाळून त्याने हाताने विहीर खणली आणि लागलं गरम पाणी! प्यायचं तर पाणी हवं होतं, हाताशी आलं आंघोळीचं. तिथले मूळ रहिवासी कहुइया लोक, त्यांना या भागातलं ऊन पाणी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. यर्क्साने मग थोड्या अंतरावर दुसरी विहीर खणली. तिला गार पाणी लागलं. गोडं, उत्तम.

दोन विहिरी, अंतर थोडंसं, एक ऊन, एक गार. याचं कारण त्या दोघींच्या मधून भूकंपाची भेग जाते. सॅन अँड्रियासचं नाव तुम्ही ऐकलं असेल, तिचीच फांदी. भेगेत खडक दळून त्याची चिकणमातीसारखी भिंत झालीय. भिंतीच्या एका अंगाला गार पाणी अडून राहिलंय, दुसऱ्या अंगाला खालून आलेलं ऊन पाणी. आपल्या कोकणातली भेग पाण्याला वाट देते, तिथली भेग वाट देते आणि भिंतही होते.

आणि गाव? यर्क्साने पाणी शोधलं, पण गाव केलं ते कॉफी नावाच्या जमिनीच्या व्यवहारवाल्याने. १९४१ मध्ये त्याने स्नानगृह उघडलं आणि भोवतीचे प्लॉट विकले. तिथे देवीही नव्हती, स्वामीही नव्हते. जाहिरात होती. नगरपालिका झाली १९६३ मध्ये. चिमाजी अप्पांनी नवस केला, कॉफीने प्लॉट पाडले. पाण्याला दोन्हीचं सोयरसुतक नाही.

आता जे मला खरं म्हणजे सांगायचंय त्याकडे येतो. झरा हा कोणाच्या सातबाऱ्यावर नसतो. झऱ्याचं तोंड एखाद्याच्या जमिनीत असेल, पण पाणी मुरतं दुसऱ्याच्या डोंगरात आणि वाट जाते तिसऱ्याच्या पायाखालून. जोवर पाणी आपणहून वर येतंय तोवर भांडण नाही. कुंड भरतं, सांडतं, नदीला मिळतं. भांडण सुरू होतं ते कोणीतरी म्हणतं, सांडेपर्यंत कशाला थांबायचं, छिद्र पाडून खालीच गाठू, तेव्हा.

न्यूझीलंडमध्ये रोटोरुआ नावाचं शहर आहे. गरम झरे, उकळता चिखल, आणि पोहुटू नावाचं कारंजं, उकळतं पाणी उंच उडवणारं. तिथले माओरी लोक या झऱ्यांवर पूर्वापार स्वयंपाक करत, आंघोळ करत. नंतर शहरातल्या लोकांनी घर गरम ठेवायला, हॉटेलं चालवायला जमिनीत बोअर घेतले. एकाचं पाहून दुसऱ्याने. तेल महागलं तसे आणखी. प्रत्येकाचा बोअर छोटासाच. पण खालचा दाब उतरत गेला आणि झरे, कारंजी मंदावली, काही थांबली. शेवटी १९८६-८७ मध्ये सरकारने पोहुटूच्या भोवतीचे दीड किलोमीटरच्या आतले बोअर सक्तीने बंद करायला लावले. शंभराहून जास्त होते. लोक खूप चिडले, साहजिक आहे. पण खालचा दाब हळूहळू वाढला आणि झरे सावरायला लागले. सगळे सावरले नाहीत. पोहुटू मात्र आज उडतंय.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? १८८२ चा सुविधाधिकार कायदा, इंग्रजांचा. जमीन ज्याची, त्याने आपल्या हद्दीत भूजल हवं तेवढं उपसावं, हा समज त्याच्यातून रुजला. महाराष्ट्राने २००९ चा भूजल कायदा केला. त्यात साठ मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटलंय आणि अधिसूचित क्षेत्रात शेती-उद्योगासाठी ती घ्यायला मनाई केलीय. साठ मीटर म्हणजे जवळजवळ दोनशे फूट. इथे बसलेल्यांपैकी किती जणांचं बोअर दोनशे फुटांच्या आत आहे? (श्रोत्यांत हशा.) हात वर करू नका, मी तलाठी नाही.

आठशे फुटांवर लागणारं ते कोमट पाणी हे गेल्या वर्षीच्या पावसाचं नसतं. वरच्या मुरुमातलं, फुटक्या कातळातलं पाणी दर पावसाळ्यात थोडंफार भरून निघतं. खालच्या थरातलं भरायला फार काळ लागतो. म्हणून पाणी कोमट लागलं की त्याचा अर्थ देव प्रसन्न झाला असा घेऊ नका. आपण साठ्यात हात घातलाय, असा घ्या. वज्रेश्वरीचं कुंड आपणहून सांडणाऱ्या पाण्यावर चालतं. तुमचं बोअर विजेवर चालतं.

एक श्रोते विचारतायत की ऊन पाण्याने कातडीचे रोग खरंच बरे होतात का. सांगतो. गंधक आणि क्षार असलेल्या ऊन पाण्याने खाज कमी होणं, आखडलेले सांधे मोकळे होणं, हा अनुभव लोकांचा आहे आणि त्यात नवल नाही. उबेने रक्त फिरतं. पण ज्यांना हृदयाचा त्रास आहे, रक्तदाब आहे, किंवा लहान मूल बरोबर आहे, त्यांनी चाळीसच्या वरच्या पाण्यात उतरू नये. आणि उतरलात तर पंधरा मिनिटांत बाहेर या. पांढरे डाग आणि कुष्ठ यांना मात्र दवाखानाच. कुष्ठरोगावर आज औषध आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

काष्टीच्या त्या शेतकऱ्यांचं राहिलं. हा सगळा हिशेब मी त्यांना कपबशीवर बोटाने मांडून दाखवला. आठशे फूट, सहा-सात अंश. त्यांना पटला. म्हणाले, म्हणजे कुंड काही व्हायचं नाही. मी म्हटलं, नाही. मग मी विचारलं, तुमचं बोअर झाल्यावर शेजारच्यांचं काय झालं? ते जरा गप्प बसले. म्हणाले, भावकीतल्याचंच आहे शेजारी. त्याचं साडेपाचशे फुटांचं होतं. ते मार्चपासून बंद पडलंय. आता तो हजार फुटांचं बघतोय, गाडीवाल्याशी बोलणं झालंय, येत्या आठवड्यात लागेल.